पेटी टेकल्याचा आवाज

मी जन्मभर आवाजाची नोकरी केली असं सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, गाणं म्हणता का? नाही म्हणत. माझा आवाज ऐकून आमच्या घरचे लोक मला अंगाईसुद्धा म्हणू देत नसत. माझं काम दुसऱ्यांचे आवाज धरून ठेवायचं. कलबुर्गीच्या रेडिओ केंद्रावर मी ध्वनिमुद्रण करायची. निवृत्त झाल्यावर बीदरला, माझ्या मूळ गावी, येऊन राहिले आणि वाटलं, आता कान मोकळे. पण माझ्या वाट्याला आणखी एक काम यायचं होतं, आणि आज सगळ्यात जास्त आठवतं ते तेच.

आधी धंद्याविषयी थोडं सांगते. खांद्याला जड टेपरेकॉर्डर अडकवून मी गावात शिरले की बायका पोरांना घरात ओढायच्या. त्यांना वाटायचं, लस टोचणारी बाई आली. मग खात्री पटली की चहा यायचा, आणि चहाबरोबर कन्नड, मराठी, दखनी अशा तिन्ही भाषांतून गप्पा यायच्या. कुणी पेरणीचं सांगायचं, कुणी जात्यावरचं म्हणायचं, कुणी सुनेच्या तक्रारी माझ्या यंत्रात बोलून घ्यायचं. त्या तक्रारी अर्थातच प्रसारित झाल्या नाहीत, पण ऐकल्या मी मन लावून.

मुलाखत संपली की मी सगळ्यांना गप्प बसवायची आणि थोडा वेळ नुसती खोलीच रेकॉर्ड करायची. लोकांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलं. पण आमच्या कामात ते लागतंच. बोलण्यातला खोकला, चुकलेला शब्द कापून काढला की मध्ये भोक पडतं. तिथं काहीच नसलं तर ऐकणाऱ्याचा कान दचकतो. म्हणून त्याच खोलीची शांतता तिथं जोडायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. मातीच्या घराची मऊ, शहाबादी फरशीच्या घराची कडक, पत्र्याखालची तर सारखी काहीतरी कुरकुरणारी. अशा शेकडो घरांच्या शांतता मी गोळा केल्या. त्यातली बरीच घरं आता पाडून स्लॅबची झाली, टीव्ही आले, पंखे आले. ती शांतता आता त्या गावांतसुद्धा मिळायची नाही, याची मला कधी कधी फार हळहळ वाटते.

बीदरमध्ये रेकॉर्डिंग करायचं तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागायची. इथं हवाई दलाचा तळ आहे. शिकाऊ वैमानिकांची विमानं सकाळपासून डोक्यावर घिरट्या घालतात. बाहेरचा माणूस वर बघतो, कानावर हात ठेवतो. बीदरकर तसं काही करत नाही. तो बोलता बोलता थांबतो. भाजीवाली 'मेथी पंधरा' एवढं म्हणून थांबते, विमान गेलं की 'ला दोन' म्हणून वाक्य पुरं करते. नवराबायकोची भांडणंसुद्धा इथं अशीच तुकड्यातुकड्यांनी चालतात, आणि विमान गेल्यावर कुणी मुद्दा विसरलाय असं मी कधी पाहिलं नाही. वाक्य जिथं सोडलं तिथूनच उचलायचं, ही इथली सवय आहे.

तर ते शेवटचं काम. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या एका मंडळानं सैनिक स्मारक उभारायचं ठरवलं. जांभ्या दगडाची एक जुनी इमारत मिळाली. लढाईत गेलेल्या आपल्या भागातल्या जवानांचे फोटो, पदकं, कपडे, भांडी असं मांडायचं ठरलं. मंडळाचे अध्यक्ष एक निवृत्त मेजर, आम्ही सगळे त्यांना मेजरसाहेबच म्हणायचो. माणूस सरळ, हौशी आणि आवाजानं दांडगा. त्यांनी मला बोलावून सांगितलं की नुसत्या काचेच्या कपाटांपुढं लोक जांभया देतात, आपल्याला दालनात लढाई ऐकू यायला पाहिजे. तोफा, मशीनगन, रणगाडे, विमानं, सगळं. मलाही चेव आला. इतकी वर्षं शेतीविषयक कार्यक्रम केलेले, तोफा कधी मिळणार होत्या?

मी जीव ओतून काम केलं. कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर लपवले. एका दालनाचा आवाज दुसऱ्यात सांडू नये म्हणून पडदे लावले. तोफेसाठी भिंतीवर एक लाल बटण ठेवलं. आणि विमानाचा आवाज तर असा बसवला की तो एका भिंतीतून येऊन डोक्यावरून जाऊन दुसऱ्या भिंतीत शिरावा. त्या विमानाचा मला फार अभिमान होता.

चाचणीला एका शाळेची मुलं आणि मंडळाचे काही लोक बोलावले. मुलांनी लाल बटणाचा ताबा घेतला. दुपारपर्यंत बीदरवर इतक्या तोफा डागल्या गेल्या की पहारेकऱ्यानं कानात कापूस घातला आणि मला तो कापूस काढून दाखवला. बटण दाबून पोरं नाचत होती. शहीद जवानांच्या फोटोंकडं एकानंही बघितलं नाही. मग मी माझं विमान सोडलं. मला वाटलं होतं, लोक खांदे आकसतील, वर बघतील. दालनातली सगळी मंडळी बोलता बोलता थांबली, विमान जाऊ दिलं, आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं बोलायला लागली. शाळेच्या बाईंनी तर 'ए, रांगेत' आणि 'उभे राहा' यांच्यामध्ये माझं आख्खं विमान बसवलं. मीही बीदरचीच, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी मला माझंच हसू आलं आणि थोडा रागही आला.

त्याच वेळी माणिकअप्पा उठून बाहेर गेले. माणिकअप्पा म्हणजे निवृत्त सुभेदार, मूळचे चिटगुप्प्याचे, निवृत्तीनंतर बीदरला मुलाकडे राहणारे. बांगलादेशच्या लढाईत ते कोवळे शिपाई होते. उंच, ताठ, डाव्या भुवईवर जखमेची मोठी खूण. मंडळात ते रोज यायचे, फोटो पुसायचे, फार बोलायचे नाहीत. मी मागोमाग गेले. ते पिंपळाखालच्या बाकावर बसले होते. मी विचारलं, अप्पा, त्रास झाला का?

"तरास कशाचा, अक्का," ते म्हणाले. "तोफ वाजली की वाटायचं, चला, आपन ऐकायलाव म्हंजी जित्ते हाव. भ्या वाटायचं ते येगळ्याचं. बाजूच्या खड्ड्यात किसन खोकायचा. रातभर खोकायचा. तो खोकला थांबला तवा मला लढाई कळली."

किसन म्हणजे कोहिनूर गावचा किसन, त्यांच्याच पलटणीतला. त्याचा फोटो आमच्याकडं होता, वस्तू एकही नव्हती. त्याच्या घरी त्याची फौजेतली पेटी असेल, असं अप्पांनीच सांगितलं. चला तर मग दोघं जाऊ, मी म्हटलं. अप्पा एकदम म्हणाले की तुम्ही जा, मी येत नाही. मी समजले, गुडघे दुखत असतील. त्यांनी तेच समजू दिलं.

कोहिनूरला मी एकटी गेले. किसनची बायको गयाबाई. पंचाहत्तरीला आलेली, सडपातळ, कपाळ मोकळं, नजर धारदार. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली किसनचा गणवेशातला फोटो. मी दारातून जयभीम घातला, तिनं घेतला आणि पहिलाच प्रश्न केला, "पेटी न्यायला आलीस न्हवं?" मंडळाचा निरोप आधी पोचला होता.

पेटी तिथंच होती, काळ्या पत्र्याची, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली. गयाबाईनं द्यायला नाही म्हटलं नाही, पण हात पेटीवरून उचलेना. मी सहज विचारलं, आम्ही तिथं लढाईचे आवाज लावतोय, तुम्हाला काय वाटतं?

"लढाईचा आवाज मला काय म्हाईत, बाई," ती म्हणाली. "कोहिनूरला कुठं तोफ वाजली? आमच्या घरात लढाई आली ती ह्या पेटीच्या आवाजानं."

मग तिनं सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते. किसन रजेवर आला की दारातून हाक मारायचा नाही. अंगणातल्या शहाबादी फरशीवर पेटी टेकवायचा. धप्प, आणि मागोमाग पेटीची सैल कडी दोनदा वाजायची. तेवढ्यावर ती चुलीपुढून उठायची, तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर यायची. तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकायचा, पाणी पायांवर घालायचं, मगच घरात घ्यायचं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर तिच्या सासूनं घरातले देव, नवस, उपास सगळं सोडलं होतं, पण लांबून दारात आलेल्या माणसाला भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय आत घ्यायचं नाही, एवढं मात्र सोडलं नव्हतं.

लढाईत तार आली. किसन गेला म्हणून तारेत होतं. गयाबाईनं तारेवर विश्वास ठेवला नाही. सगळं गाव रडलं, ती रडली नाही. काही दिवसांनी दुपारी ती भाकरी करत असताना अंगणात धप्प झालं आणि कडी दोनदा वाजली. तिला वाटलं, बघा, तार खोटी. ती तांब्या आणि तुकडा घेऊन धावत बाहेर आली. अंगणात दुसराच माणूस उभा होता.

"उंच पोरगं. भुवईवर पट्टी बांधलेली. मी त्याच्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, आन् मला समदं कळलं. मग मी घरात गेले ते दार लावून घेतलं." तिनं पेटीवरचा हात कडीवर नेला. "त्यो बी लढाईतूनच आलता, बाई. कुनाचं तरी लेकरू. त्याच्यावरून मी तुकडा ओवाळला न्हाई, पाणी बी दिलं न्हाई. तसाच गेला. त्यो जित्ता हाय का, कसा हाय, एवढंच एक मनात राहिलंय."

भुवईवरची पट्टी ऐकल्यावर मला आणखी काही विचारायची गरज नव्हती. जिभेवर नाव आलं होतं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता, अप्पांचा होता. मी नुसतं म्हटलं, शोध घेते.

पेटी द्यायला ती तयार झाली, एका अटीवर. तिचा आवाजही न्यायचा, आणि लोकांना ऐकवायच्या आधी तिला ऐकवायचा. मी माइक लावला. पेटी कुणी टेकवायची, हा प्रश्न आला. तिचा पुतण्या पुढं झाला, त्यानं अलगद ठेवली, कडी वाजली नाही. गयाबाईनं त्याला बाजूला केलं, पदर खोचला, पेटी स्वतः उचलली आणि अंगणात टेकवली. धप्प. कडी दोनदा. एकाच प्रयत्नात जमलं. माझ्या हेडफोनमध्ये तो आवाज आला. इतकी वर्षं हे काम केलं, पण आवाज असा अंगावर आला नव्हता.

मग सवयीप्रमाणे सगळ्यांना गप्प बसवून मी त्या अंगणाची शांतता घेतली. कोंबड्यांची चाळवाचाळव, लांबची पिठाची गिरणी, आणि माइकच्या अगदी जवळ गयाबाईचा श्वास. ती अजून पेटीपाशीच उभी होती, दाराकडं बघत.

बीदरला आल्यावर मी मेजरसाहेबांना सांगितलं की तोफा बंद करूया. ते म्हणाले, मग लढाई कुठाय? मी त्यांना पेटीचा आवाज ऐकवला. त्यांनी एकदा ऐकला, दुसऱ्यांदा ऐकला, मग म्हणाले की पुढं नुसतंच घर ऐकू येतंय, ते कापा. मी म्हटलं, साहेब, पेटी कापली तरी चालेल, ते कापू नका. आमचा वाद झाला. मी वाद घालताना गोड बोलत नाही, हे आमच्या केंद्रावर सगळ्यांना माहीत होतं, आता मेजरसाहेबांनाही माहीत झालं. शेवटी ते हसले आणि मान हलवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी लाल बटण भिंतीवरून निघालेलं होतं. पहारेकऱ्यानं मला पेढा दिला.

शेवटच्या खोलीत फक्त पेटी ठेवली, आणि वर एक छोटा स्पीकर, खाली उभ्या राहणाऱ्या एकालाच ऐकू येईल असा. सुतार पेटीच्या कडीला तेल द्यायला निघाला होता, त्याच्या हातातून बुधली मी काढून घेतली. कडी गंजली तर गंजू दे, पण वाजली पाहिजे.

राहिले माणिकअप्पा. त्याच पिंपळाखाली मी त्यांना सगळं सांगितलं. गयाबाई यायची आहे, ती तुम्हालाच शोधते आहे. अप्पा कितीतरी वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"मी मुद्दाम तशी ठिवली न्हवती," ते म्हणाले. "वजनानं हात सुटला. वैनी हसत भाईर आली, अक्का. ते हसणं माझ्यामुळं आलं आन् मला बघून गेलं. आता कोणतं तोंड घेऊन उभा राहू?" ती येईल त्या दिवशी मी येणार नाही, असं सांगून ते उठले. माणसाला ओढून आणून उभं करायचं हे काम नव्हे.

ठरल्या दिवशी पुतण्यानं गयाबाईला बसमध्ये बसवून दिलं, मी तिला स्टँडवर उतरवून घेतलं. पांढरं लुगडं, हातात गाठोडं. दुपारची भाकरी तिनं बांधून आणली होती, बाहेरचं खात नाही म्हणाली. सगळे फोटो तिनं एकेक करून बघितले. किसनच्या फोटोपुढं नुसती मान हलवली, ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं तशी. मग आम्ही शेवटच्या खोलीत गेलो. मेजरसाहेब मागं भिंतीला उभे होते. मी तिला स्पीकरखाली उभं केलं. मला तिथून आवाज येणार नव्हता, म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

पेटी टेकली तेव्हा तिचा हात आपोआप पदराकडं गेला. मग ती ऐकत राहिली. कोंबड्या, गिरणी, स्वतःचा श्वास. ते संपलं तेव्हा ती म्हणाली, "व्हय. हेच." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "त्या पोराचं काय कळलं का, बाई?"

मी उत्तर द्यायच्या आत दारातून पावलं वाजली. माणिकअप्पा आले होते. टोपी काढलेली, हात बाजूला ताठ, साहेबापुढं उभं राहावं तसे ते दाराशी उभे राहिले. गयाबाईनं त्यांच्याकडं बघितलं, भुवईवरच्या खुणेकडं बघितलं.

"वैनी," अप्पा म्हणाले, "मीच त्यो. त्या दिवशी मी..."

आणि वरून विमान आलं. माझं नव्हे, खरं. अप्पा थांबले. मी थांबले. मेजरसाहेब काहीतरी म्हणायला पुढं आले होते, तेही थांबले. आम्ही तिघे बीदरकर विमान जाण्याची वाट बघत तसेच उभे. गयाबाई कोहिनूरची. तिला ही सवय नाही. ती त्या सगळ्या आवाजात शांतपणे खाली बसली, गाठोडं सोडलं, भाकरीचा एक तुकडा मोडला. माझ्या खांद्याच्या पिशवीतून डोकावणारी पाण्याची बाटली ओढून घेतली. उठून अप्पांपुढं गेली आणि तुकडा त्यांच्यावरून ओवाळायला लागली. डोक्यापासून पायांपर्यंत, नीट, पुन्हा पुन्हा. अप्पा उंच, तिचा हात पुरेना, तेव्हा सुभेदारांनी मान खाली वाकवली. मग तिनं दाराबाहेर तुकडा टाकला आणि त्यांच्या बुटांवर पाणी घातलं.

विमान लांब गेलं. आता तिचं बोलणं ऐकू आलं.

"लई उशीर झाला, भाऊ. आता आत या."

नव्या फरशीवर पाणी पसरत होतं. पहारेकरी फडकं घेऊन आला, त्याला मेजरसाहेबांनी हातानंच थांबवलं. मला रडू आवरलं नाही आणि मी आवरलंही नाही. दोघं पेटीपाशी बाकावर बसली आणि गयाबाईनं उरलेल्या भाकरीचे दोन भाग केले.

स्मारक आता सुरू आहे. लोक येतात, शेवटच्या खोलीत एकेकटे उभे राहतात आणि बाहेर येताना हळू बोलतात. मी अधूनमधून जाते, कडीला कुणी तेल दिलं नाही ना ते बघते. त्या दिवशी माझं यंत्र घरी होतं, त्यामुळं त्या भेटीचा आवाज कुठंच नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मी बीदरमध्ये इतकी वर्षं राहिले. विमान गेल्यावर माणूस अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो, हे मी रोज ऐकते. माणिकअप्पांनी ते वाक्य पुरं केलं नाही. त्यांना ते पुरं करायला कुणी सांगितलंही नाही.